करवतकाठी लुगड्याचे तीन वार

मी, कौशल्या भगवंत मेहरे, वय वर्षे ७४, शिक्षण बी. ए. (अमरावती, १९७२), धंदा साड्यांचे दुकान, राहणार जुने शहर, अकोला, माहेर वलगाव, जिल्हा अमरावती, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. येत्या १० सप्टेंबरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, म्हणून ही घाई.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द समजावे. त्यात एक गोष्ट खोटी लिहिली होती.

वकिलांनी छापील नमुना दिला होता, तो मी वापरलेला नाही. त्यात माणसाजवळ काय आहे ते लिहायला जागा आहे, माणसाने काय केले ते लिहायला नाही.

कलम १. घर. मोर्णा नदीच्या अलीकडचे राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझा मुलगा मनोज याला द्यावे. मनोज पुण्याला असतो आणि हे घर विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. मात्र मागच्या अंगणातला मोगरा आधी खणून वलगावला न्यावा. तो माझे वडील नत्थुजी यांच्या फुलांच्या वाडीतला आहे, त्याला पुण्याची गॅलरी मानवणार नाही.

कलम २. दुकान. दुकान सीमाला द्यावे. सीमा बावीस वर्षे माझ्याकडे फॉल-पिको करते आणि गिऱ्हाइकाला माझ्यापेक्षा गोड बोलते. फॉल-पिकोची दोन्ही यंत्रे आणि कापड मोजायचा लोखंडी गजही तिचाच. दुकान १९८४ सालचे आहे. तेव्हा तीन भिंती लुगड्यांच्या होत्या आणि एक सहावारी गोल साड्यांची. नव्वद सालापर्यंत नेमके उलटे झाले. पुढे लुगड्यांना एकच फळी राहिली, खेड्यावरच्या म्हाताऱ्यांसाठी. त्या फळीवरचे शेवटचे सुती लुगडे मी अजून विकलेले नाही. ते सीमाने विकून टाकावे, शोभेला ठेवू नये. आता मुली फोनवर फोटो घेऊन येतात आणि विचारतात, "काकू, सेम असं आहे का?" सेम असे काही नसते. विणकराचा हातही दोन दिवस सेम चालत नाही.

एक खुलासा करते. माझ्या दुकानात एक्केचाळीस वर्षांत कात्री नव्हती. साडीला जोडून आलेला ब्लाऊजपीसही मी कधी कापून दिला नाही. शिंप्याकडे जा म्हणून सांगत असे. लोक म्हणत, मेहरेबाईचे तत्त्व आहे. तत्त्व वगैरे काही नव्हते. कारण कलम ४ मध्ये येईल. सीमाने हवी तर कात्री आणावी.

कलम ३. माझ्या साड्या. कपाटात एकूण सदुसष्ट साड्या आहेत. त्या नातीला, गीतांजलीला द्याव्यात. तिला सूचना: रेशीम प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. जुन्या धोतराच्या कापडात बांधावे. दसऱ्याच्या सुमारास सावलीत पसरावे आणि घडी बदलावी. एकाच घडीवर वर्षानुवर्षे ठेवलेली साडी त्याच रेषेवर फाटते. जिची घडी बदलवणार नसेल, ती साडी सरळ देऊन टाकावी.

कलम ४. करवतकाठी लुगडे.

(हे कलम मी उद्या लिहीन.)

कलम ५. रागिणी. माझा भाऊ कै. जानराव अंबाडकर याची मुलगी रागिणी हिचे अमरावतीला कपड्यांचे दुकान आहे, त्याला ती बुटिक म्हणते. ती शिवलेली नऊवारी विकते. निऱ्या आधीच टाचलेल्या, काष्टा आधीच ओढलेला, कमरेला इलॅस्टिक. मुली पायजम्यात पाय घालावेत तसे पाय घालतात, खाली पांढरे बूट, कमरेला पट्टा, आणि मोटरसायकलवर बसून निघतात. माझी आई पार्बताबाई नऊवार लुगडे नेसून वाडीत शेवंती तोडायची, विहिरीत उतरायची, बैलगाडी हाकायची. तिला इलॅस्टिक लागले नाही.

चार वर्षांपूर्वी गीतांजलीच्या लग्नात रागिणीने तिच्यासाठी अशीच नऊवारी शिवून आणली. खऱ्या कोशाच्या रेशमाची, हातमागावरची, नागपूरकडच्या विणकराकडून खास घेतलेली. मी मांडवात सगळ्यांसमोर विचारले, "एवढ्या चांगल्या कोशाले कात्री लावताना हात नाही कापला तुया?"

ती म्हणाली, "आत्याबाई, नेसता येत नाही म्हणून पोरी घेतच नाहीत. शिवून देली त निदान आंगाले लागते. तो विणकर म्हणते, तुमच्यापायी माये दोन माग सुरू आहेत."

उत्तर सुचत नाही तेव्हा मी वाईट बोलते, हे माझ्या यजमानांनी अनेकदा सांगितले होते. मी म्हणाले, "कापाचा धंदा तुले मायकडूनच आला."

रागिणीची आई, माझी वहिनी जमुना, पुढच्याच खुर्चीवर बसली होती. ती उठली, मुलीचा हात धरला, आणि दोघी न जेवता गेल्या. तेव्हापासून रागिणी माझ्याशी बोलत नाही. मी चार वर्षे म्हणत आले की तिला मोठ्यांचे बोलणे सोसत नाही.

रागिणीला काय ठेवायचे ते कलम ४ लिहिल्यावरच ठरेल.

कलम ४, पुन्हा. काल लिहिले नाही. आज सकाळपासून तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा टाकीत पाणी आहे का पाहायला गेले. टाकी काठोकाठ होती. एकदा दुकानात फोन करून सीमाला उगाच रागावले. आता दाराला आतून कडी लावली आहे.

आईच्या लग्नातले लुगडे कोशाचे होते. मधाच्या रंगाचे, लाल करवती काठाचे. काठाचे ते दाते यंत्रावर निघत नाहीत. विणणारा उभ्या-आडव्या धाग्यात हाताने गुंतवून एकेक काढतो. हल्ली छापील करवत मिळते; मीही विकली आहे. आई ते लुगडे स्वतः नेसत नसे. भाद्रपदात आमच्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या बसतात तेव्हा ज्येष्ठेला ते नेसवत, आणि नेसवायचा मान घरच्या मोठ्या सुनेचा.

१९७१ च्या हिवाळ्यात मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होते. वलगावहून बसने अमरावतीला जायची. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला शहरातल्या मुली जॉर्जेटच्या साड्या नेसणार होत्या. माझ्याजवळ दोन सुती पातळे होती. मी आईच्या नकळत पेटीतले लुगडे मैत्रिणीकडे नेले. नऊ वार गोल नेसून पाहिले, कमरेभोवती असे गाठोडे झाले की मैत्रीण म्हणाली, "कौशे, तू त सातव्या महिन्याची दिसतेस." मी तिच्या आईची कात्री घेतली आणि [येथे एक शब्द खोडला आहे] तीन वार कापून काढले. सहा वार नेसले. एक संध्याकाळ. फोटोही नाही. मग जुन्याच घडीवर घडी घालून पेटीत ठेवले, आणि उरलेले तीन वार माझ्या पुस्तकांखाली.

पुढच्या वैशाखात जानरावाचे लग्न झाले आणि जमुना घरात आली. वय अठरा. तिला झंपर शिवता येई आणि माहेरून येताना ती स्वतःची कात्री घेऊन आली होती.

भाद्रपदात आईने लुगडे काढून नव्या सुनेच्या हातात दिले. जमुना नेसवू लागली. निऱ्या येईनात. तिने सोडून पुन्हा नेसवले. आळीतल्या दहा-बारा बाया बसल्या होत्या. आईने लुगडे हातात घेतले, वार मोजले, कापलेली कड पाहिली, आणि एवढेच म्हणाली, "घरात नवीन कोण आलं?"

जमुना म्हणाली, "म्या नाही कापलं." एकदाच म्हणाली. कोणी ऐकले नाही. मी हळदीकुंकवाचे ताट घेऊन तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

तेव्हा माझे अकोल्याचे स्थळ ठरत होते. वाटले, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. लग्न झाले. वाटले, मनोज होऊ दे. मग आई गेली, जानराव गेला. त्या दिवसापासून आईने जमुनेला ज्येष्ठेला हात लावू दिला नाही. तो मान मला दिला. मी तो घेतला. त्रेपन्न वर्षे दर भाद्रपदात अकोल्याहून वलगावला जाऊन, खालून दुसरे पातळ जोडून, त्या अपुऱ्या लुगड्यात मी महालक्ष्मी नेसवत आले आणि जमुना स्वयंपाकघरात सोळा भाज्या रांधत आली. आई गेल्यावर लुगडे मी अकोल्याला आणले. माझ्या जुन्या मृत्युपत्रात असे लिहिले होते की हे लुगडे "वहिनीच्या हातून कापले गेलेले" आहे. ते खोटे आहे. लुगडे मी कापले. तीन वार माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत.

सहा वार आणि तीन वार, दोन्ही रागिणीला द्यावेत.

कलम ६. साक्षीदार. जमुनावहिनीला मी काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले; आणि मला साक्षीदार जमुनाच हवी आहे. कलम ४ खाली तिची सही असली म्हणजे ते कोणाला खोटे म्हणता येणार नाही.

पुरवणी, २० ऑगस्ट. जमुनावहिनी आज बसने एकटी आली. चहा घेतला नाही. चष्मा लावून सगळे वाचले, कलम ४ दोनदा. मग कागद परत माझ्याकडे सरकवला.

"मी सही नाही करत, कौशल्याबाई."

मी विचारले, "काय चुकलं त्यात?"

"लिहिलं त चांगलं. शिकेल आहा तुमी. पन हे वाचतीन कवा? तुमी मेल्यावर. तवरक मी राहीन का? मले एकाहत्तरावं लागलं. सासूबाई गेल्या, हे गेले. त्याईले काई आता ऐकू येत नाही. पन त्या दिवशी बसेल बायाईतल्या चार अजून वलगावात जित्या आहेत. अजूनही कोनाचं कापड कमी भरलं का मायाकडं पाह्यतात."

मी म्हणाले, "झडप बदलू दे. मग येते."

"लग्न होऊ दे, पोरगं होऊ दे, झडप बदलू दे," ती म्हणाली. "महालक्ष्म्या एकतीस तारखेले आहेत. जित्तेपनी येऊन सांगा, त मी सही करतो. नाही त दुसरा साक्षीदार पाहा. अकोल्यात मानसं काय कमी आहेत?"

जाताना दारातून म्हणाली, "तीन वारही घेऊन या. पाहू त द्या कसे आहेत."

पुरवणी, १ सप्टेंबर, वलगाव. काल दुपारी महालक्ष्म्यांसमोर, आळीतल्या बाया जमल्यावर, मी उभी राहून सांगितले. बसून सांगणार होते, पण बसवेना. पाच-सहा वाक्यांत झाले. त्या चौघींपैकी एक आज्जी म्हणाली, "त्रेपन्न वर्स लागले सांगाले. अन् म्हने बी. ए. झाली." बाकीच्या हसल्या. मला कोणी पाणी विचारले नाही, तेही बरोबरच आहे. माझ्या मनाची तगमग गेली असे लिहिले तर ते खोटे होईल. रात्रभर कूस बदलत होते.

रागिणी आली होती. तिने दोन्ही तुकडे मांडीवर घेतले आणि उजेडाकडे धरले. तीन वारांचा रंग जास्त गडद आहे. त्यांना त्रेपन्न वर्षांत ऊन लागलेले नाही. लुगडे मध्येच विरले की आमच्याकडे विरलेला भाग काढून दोन धड तुकडे जोडतात, त्याला दांड भरणे म्हणतात. वाडीत राबणाऱ्या प्रत्येक बाईच्या लुगड्याला दांड असे. रागिणीने तिथेच बसून सुईने दांड भरला. मशीनवर कपडे शिवणाऱ्या त्या मुलीला हाताने दांड भरता येतो, हे मला माहीत नव्हते. मी विचारले, कोणी शिकवले. ती माझ्याशी चार वर्षांनी बोलली: "मायनं."

जमुनावहिनीने ज्येष्ठेला लुगडे नेसवले. निऱ्या पूर्ण आल्या. दांड तिने आत लपवला नाही, समोरच घेतला. मी स्वयंपाकघरात भाज्या निवडल्या. सोळापैकी दोन वहिनीला पसंत पडल्या नाहीत.

म्हणून कलम ४ चा शेवट असा वाचावा: आता ते एकच लुगडे आहे, नऊ वार, एक दांड. जमुनावहिनी आहे तोवर ते वलगावच्या घरी राहील. तिच्यानंतर रागिणीचे. रागिणीने ते नेसवावे, शिवावे, कापून विकावे, माझी हरकत नाही. फक्त कापले तर कोणी कापले ते त्याच दिवशी सांगावे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केले, आणि त्यांनी माझ्यादेखत.

लिहून देणार: कौशल्या भगवंत मेहरे (सही)

साक्षीदार १: जमुना जानराव अंबाडकर, राहणार वलगाव (सही)
साक्षीदार २: देवमन तायडे, निवृत्त शिक्षक, राहणार वलगाव (सही)

स्थळ: वलगाव
दिनांक: १ सप्टेंबर २०२५, ज्येष्ठागौरी पूजन

खाडाखोड दोन ठिकाणी आहे. स्थळाच्या जागी आधी "अकोला" लिहिले होते, ते खोडले. कलम ४ मध्ये "अजाणतेपणी" असा शब्द होता, तो साक्षीदार क्र. १ यांनी सहीपूर्वी खोडायला लावला. दोन्ही ठिकाणी माझी सही आहे.