शलाकाला कार्ड टाक

कारेलीबाग, बडोदे
१२ जून १९९६

ती. उन्मेषदादास बडोद्याहून मोहनाचा नमस्कार.

मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्यांच्या इंग्रजीला लोक हसतात, पण चुकीचे शिकवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. काल मी विचारला.

माझी विद्यार्थिनी शलाका मुलाखतीत 'मायसेल्फ शलाका' म्हणाली आणि समोरचे तिघे हसले. ते वाक्य आमच्या क्लासच्याच छापील गाइडमधले! मी भर वर्गात म्हणाले, "नाव सांगताना 'आय ॲम' म्हणा. एखादे काम आपणच केले, हे ठासून सांगायचे असेल तेव्हा 'आय डिड इट मायसेल्फ'. चूक गाइडची आहे, शलाकाची नाही."

संचालक भडकले. "मोहनाबेन, छापेलुं खोटुं होय? रविवारी पालकांसमोर माफी मागा."

मी मागणार नाही. नोकरीचे पाहू; आईला एवढ्यात काही बोलू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

शलाका मात्र घराबाहेर पडत नाही. चोवीस तारखेला तिची दुसरी मुलाखत आहे, आणि ती जाणार नाही म्हणते. माझी भाषणे तिच्यापुढे फुकट गेली. पहिल्या मुलाखतीत तूही 'मायसेल्फ उन्मेष'च म्हणाला होतास, तुलाही हसले होते. आज तू इंग्रजीचा मास्तर आहेस. हे तू स्वतः तिला लिही. पत्र मिळेल त्याच दिवशी माझ्या पत्त्यावर कार्ड टाक.

चिडलेली पण धडधाकट,
मोहना