सिल्वीचे ठिपके आणि मुम्मुची विहता

डुलुथ, ९ फेब्रुवारी १९९४

ती. हिल्याआईंना,
कॉलीनचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं, म्हणून लिहिते. तुमची नात सिल्वी तुमच्याकडून परतली ती पायांवर लाल ठिपके आणि पाठीवर निळे डाग घेऊन. विचारलं तर म्हणते, मुम्मुआजीने सौनाच्या गरम वाफेत विहतेने झोडपलं, खूप मजा आली. बर्चच्या डहाळ्यांच्या त्या जुडीने रक्त खेळतं राहतं, हे तुमचे चिरंजीव मला लग्नापासून ऐकवताहेत. सहा वर्षांच्या पोरीचं रक्त किती खेळवायचं, हेही एकदा ठरवा. यापुढे ती तुमच्या सौनात येणार नाही.

लोभ आहेच म्हणतात. तो जरा हलक्या हाताने करावा.
कॉलीन

टोइव्होला, १२ फेब्रुवारी

सौ. कॉलीनला अ. उ. आशीर्वाद.

पत्र पावलं. अक्षर सुधारलंय. माझ्या विहतेच्या ओल्या पानांनी माशीसुद्धा मरत नाही. की दात घासताना सिल्वीच्या हिरड्यांतून येणारं रक्तही विहतेनेच काढलं? ठिपके पोरगी आली तेव्हाच घोट्यांवर होते. काचेचा ग्लास वर दाबून पाहिला, तरी फिके पडले नाहीत, म्हणजे कातडीखाली रक्त उतरलंय. मी तुझ्या नवऱ्याला, एइनोला, फोनवर सांगितलं होतं. तो तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला असेल. डोकंही तिथेच विसरला. मला शिव्या मागाहून दे, आधी तिला डॉक्टरकडे ने. मला भीती वाटते आहे.

रागावलीस तरी कळवत जा.
मुम्मु

डुलुथ, १७ फेब्रुवारी

ती. हिल्याआईंना सा. न. वि. वि.

जिंकलात. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स जवळजवळ संपल्या होत्या. मागच्या महिन्यातल्या तापाशी लढताना अंगातले पहारेकरी बिथरले आणि आपल्याच प्लेटलेट्सवर शत्रूचा शिक्का मारत सुटले. शिक्का दिसला की पोटातली प्लीहा त्यांना खाऊन टाकते. मुलांमध्ये हे बहुतेक वेळा आपोआप निवळतं, पण तोवर डोक्याला मार लागला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. स्केटिंग बंद, अ‍ॅस्पिरिन बंद. एइनो तिच्यामागे उशी घेऊन हिंडतो.

पण डॉक्टरांनी आधी विचारलं, हिला कोण मारतं? सिल्वीने ऐटीत सांगितलं, मुम्मु, काठ्यांनी, कपडे काढून. झालं! समाजसेविकाबाई हजर. तुमच्या सौनाच्या दारातही कधी न फिरकलेल्या मी त्यांच्यापुढे विहतेचं गुणगान केलं. म्हटलं, आमच्या सासूबाई मारतात ते फक्त जिभेने आणि फक्त मला. रक्ताचा अहवाल आला तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. नंतर गाडीत बसून मी खूप रडले. सिल्वीला तुमच्यापासून तोडलं असतं तर त्याची सुरुवात माझ्याच पहिल्या पत्राने झाली होती.

लोभ उरला असेल तर असू द्यावा.
कॉलीन

टोइव्होला, ६ मे

सौ. कॉलीनला अ. उ. आशीर्वाद.

प्लेटलेट्स भरून आल्याचं वाचून मी एकटीच सौना तापवला आणि आत बसून रडले. तिथे घाम कुठला आणि डोळे कुठले, कुणी विचारत नाही. प्लीहेला बोल लावू नकोस. शिक्का मारून पुढ्यात आलं ते बिचारीने खाल्लं. शिक्के मारणारांविषयी मी काही म्हणत नाही, आशीर्वादाचं पत्र आहे.

जूनमध्ये कोवळ्या पानांची नवी विहता बांधेन. डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच सिल्वीला आत घेईन. पण तू या खेपेला बाहेर गाडीत बसून राहू नकोस. आत ये. विहता तुझ्या हातात देते. माझी पाठ रुंद आहे. लग्नापासूनचं सगळं उट्टं काढून घे.

लोभ वाढला तरी एइनोला सांगू नकोस.
मुम्मु