होडी निघाली त्या सकाळचं धुणं

स्कार्बी, यॉर्कशायर
४ मार्च १९५३

प्रिय डॉर्कस,

त्या सकाळी मी चूल पेटवली, बाबांसाठी फडक्यात पाव-चीज बांधलं, आणि तू परसात चादरी पिळत होतीस. होडी निघते त्या दिवशी धुणं काढलं की माणूसही वाहून जातो, हे आपल्या गावात पोराटोरांनाही ठाऊक. पण बाबाच म्हणाले, "धुऊ दे गं तिला. समुद्राला आपल्या चादरींशी काय करायचंय?"

होडी परत आली नाही.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, तेवढंच. तुझ्या पत्रातला 'इरॅशनल' हा शब्द मी वाचनालयातल्या कोशात पाहिला. 'विवेकाला सोडून असलेलं.' तो वापरतात कसा, ते मात्र कानांनीच ऐकावं लागतं. दुसऱ्याला म्हणताना लोक तिथेच थांबतात. स्वतःबद्दल म्हणताना पुढे 'पण' येतो. तूही लिहिलंस, "हे इरॅशनल आहे, कळतं मला, पण आपल्या गल्लीतून माझ्याच्यानं चालवणार नाही."

रविवारी प्रार्थनेनंतर तुझी आत्या पुन्हा म्हणाली, "पोरीच्या धुण्यानं माझा भाऊ नेला."

"वन्सं, त्याच होडीत शेजारच्या केझायाचा नवराही होता. तिची धुण्याची दोरी तर रिकामी होती."

"तुमच्याच धुण्यानं दोघं नेले!"

हसावं की रडावं, कळेना. केझाया मागेच उभी होती. म्हणाली, "डॉर्कसचं काय घेऊन बसलात? मी हाक मारली त्याला. मफलर विसरला होता. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, ठाऊक होतं मला."

भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही, आणि इतकी वर्षं मला पत्ता नाही.

पोरी, कारण न देणाऱ्या समुद्राशेजारी राहणं कठीण. मग जो तो आपल्याच घरात कारण शोधतो. माझंही एक आहे. ते कागदावर उतरत नाही. तू आलीस की सांगेन.

दुसऱ्या दिवशी मी केझायाला घेऊन आत्याच्या दारात गेले आणि सांगितलं, "ईस्टरला डॉर्कसला बोलावतेय. बसवरून मीच आणेन, याच गल्लीतून. काही बोलायचं असेल तर आम्हा तिघींशी बोला."

तू ये, न ये, तुझीच,
आई