पत्रिकेची मराठी बाजू

चामराजपेट, बेंगळूर
१९ जानेवारी १९९९

तीर्थस्वरूप सौ. अक्कास,

वासंतीचा नमस्कार. भावजींनाही सांग. विद्याश्रीला अनेक आशीर्वाद.

विद्याच्या लग्नाची पत्रिका काल पोचली. कोपऱ्यांचं हळदकुंकू पोस्टात थोडं पुसलं होतं, तरी देवापुढं ठेवली. आत तुझ्या हातची एखादी ओळ असेल म्हणून पाकीट पुन्हा पुन्हा झटकून पाहिलं. नव्हती. असो, लग्नघरात चिठ्ठ्या लिहायला सवड कुणाला असते.

इकडं सगळं ठीक. संक्रांतीला गल्लीतल्या पोरी एळ्ळु-बेल्ल देऊन गेल्या. मी तिळगूळ दिला, त्यांनी नेहमीसारखं 'वासक्का, तुमचं गोड कडक असतं' म्हणून खाल्लं. समोरच्या शिवाप्पांनी प्रेसमध्ये नवं ऑफसेट मशीन आणलंय. ते सुरू झालं की माझ्या मांडणीवरच्या बरण्या नाचतात. पाण्याची बोंब आहेच. गुडघा बरा आहे.

पत्रिका छान झाली आहे. मनापासून सांगते. केशरी कागद, सोनेरी शाई, वर कलश आणि त्याच्या दोन्हीकडं पोपट. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. शुभंकरची माणसं पुण्याची, त्यांना मराठीत पत्रिका हवीच असणार. खाली चौकटीत 'आजोळची मंडळी', आणि तिथं माझं नाव, 'कु. वासंती'. ते वाचून मला रडू आलं अक्का, दारातच, पोस्टमन अजून पायरीवर असताना. म्हटलं, पवनसारखा सख्खा भाऊ तुटला तर तुटू दे, अक्का मला विसरली नाही.

मग डोळे पुसून पोपटांकडं पाहिलं.

डाव्या पोपटाची चोच वर गेलीय. आठवतं? पवनच्या लग्नाच्या पत्रिकेसाठी मी माऊसनं ठिपका ठिपका जोडून ते पोपट काढले होते. एक काढून तोच उलटा करायचा असतो म्हणे, पण मला तेव्हा ते जमेना, म्हणून दुसराही हातानंच काढला. पवन म्हणाला होता, "वासक्का, याला पडसं झालंय, शिंकायच्या बेतात आहे." आप्पाजी पोट धरून हसले होते.

तो शिंकणारा पोपट कुठल्या बाजारात मिळत नाही अक्का.

तुला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं तू नेहमी सांगतेस. तेव्हा पहिल्यापासून सांगते. कळत असेल तर पुन्हा ऐक.

माझा जुना प्रोग्रॅम डॉसवरचा होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं. कागद बाहेर येईपर्यंत पत्रिका कशी दिसेल ते देवालाच ठाऊक. पण माझ्या बोटांना तो पाठ होता, आणि इथल्या आपल्या लोकांच्या पत्रिका त्याच्यात होत्या. कुणाकडं मुंज-लग्न निघालं की मी त्यांची जुनी पत्रिका उघडायची आणि बदल करायचे. कुणाच्या घरात थोरल्या काकांचं नाव आधी, कुठल्या दोन भावांचं बोलणं नाही म्हणून मध्ये आत्याबाईंना बसवायचं, हे मला कुणी सांगावं लागत नव्हतं. भीमाचार्य तर म्हणायचे, "वासंती, आमच्या घरची भांडणं तुझ्या पेटीत जास्त सुरक्षित आहेत." माझं दुकान म्हणजे हेच. बाकी एक टेबल आणि एक पंखा.

पवन माझ्या मागं लागला. "वासक्का, सगळं जग विंडोजवर गेलं, तू अजून डॉस कवटाळून बसलीस. पडद्यावर दिसतं तसंच कागदावर येतं, कन्नड, मराठी दोन्ही आहे." मी पुष्कळ दिवस नाही म्हटलं. हाताला एकदा एक वळण पडलं की ते बदलायचं म्हणजे सासर बदलण्यासारखं, आणि मी तर पहिलंच केलं नाही. पण त्यानं नवं पॅकेज आणून दाखवलं तेव्हा मीही भुलले. खोटं कशाला बोलू? अक्षर फार देखणं होतं. वेलांटी कशी डौलदार! सगळ्या जुन्या पत्रिका त्यानंच बसून नव्यात बदलून घेतल्या. एकदा बदललं की परत जुन्यात जाता येत नाही, हे मला माहीत होतं. परत कशाला जायचंय, असं वाटलं. जुनं मशीन पॅकेज विकणाऱ्या दुकानदारालाच देऊन टाकलं.

त्या पॅकेजबरोबर एक लॉक आलं होतं. कुलूप नव्हे, एक काळी डबी, आगपेटीएवढी. प्रिंटरची वायर लागते तिथं मागं बसवायची. डबी असेल तर पॅकेज चालतं, आतल्या पत्रिका उघडतात. नसेल तर नुसते वेडेवाकडे ठोकळे. कुणी पॅकेजची चोरी करू नये म्हणून ही सोय. चोर घरातला असेल तर काय, याचा विचार कंपनीनं केला नसावा.

श्रावणात मी मठातून आले, कॉम्प्युटर सुरू केला, तर पडद्यावर आलं, लॉक सापडत नाही. मला वाटलं डबी निसटली. टेबलाखाली शिरून हातानं चाचपली. प्रिंटरची वायर सरळ मशीनला लावून ठेवली होती, नीट, स्क्रू आवळून. पवनच्या खणात टाचणीसुद्धा नव्हती. आप्पाजींना जाऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते.

शिवाप्पांनी सांगितलं, जे. पी. नगरला दुकान टाकलंय त्यानं. ओळीनं कॉम्प्युटर, तासावर इंटरनेट, आणि लग्नपत्रिका. तिकडं पुण्या-मुंबईची आयटीतली पोरं राहतात, त्यांना मराठी पत्रिका लागते, आणि पवन ती चित्र करून अमेरिकेतल्या नातेवाइकांना ई-मेलनं पाठवूनही देतो. मी बस पकडून गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून बाकावर बसून राहिले. गिऱ्हाईकच झाले की मी त्याची.

"पॅकेज माझ्या नावावर आहे, वासक्का," तो म्हणाला. मान वर न करता. "तू इंग्रजी टायपिंग कर ना. सुटसुटीत काम. चामराजपेटेत आता मराठी वाचतंय कोण?"

"मग तुला इथं कशाला लागतंय?"

"इथं वाचणारे आहेत," म्हणाला.

त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून मी तुला म्हैसूरला फोन केला होता. तू काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. म्हणालीस, "वासू, रडू नकोस. मी त्याच्याशी बोलणार नाही. त्यानं तुझ्या पाया पडून ते परत दिल्याशिवाय माझ्या उंबऱ्याला त्याचा पाय लागू देणार नाही." मी तेवढ्यावर तग धरला अक्का. डबी गेली, पत्रिका गेल्या, शेजारपाजारची माणसं मुलांचे बायोडेटा टाईप करून घ्यायला येतात त्यावर भागतंय. पण मी एकटी नाही असं वाटायचं. घरात दोन बाजू झाल्या तर अक्का माझ्या बाजूला आहे.

दिवाळीत तू आलीस. लाडू खाल्लेस, माझ्या डोक्याला तेल लावून दिलंस. आणि म्हणालीस, "आपल्या घरच्या पत्रिकांची फ्लॉपी दे बघू. म्हैसूरला यांच्या ओळखीचा एक कॉम्प्युटरवाला आहे. त्याला उघडता येते का विचारते. तुझं काम असं कुजत पडलेलं बघवत नाही." मी कपाटातून काढून दिली. माझ्या हातानं तुझ्या पिशवीत, पातळाच्या घडीत घातली, वाकू नये म्हणून. तुला निरोप देऊन आले आणि शिवाप्पांना सांगितलं, आमची अक्का काहीतरी करतेय. ते म्हणाले, "सरी, बरोबर आहे, बहीण म्हणजे अशी पाहिजे."

म्हैसूरचा कॉम्प्युटरवाला कुठल्या गावी राहतो, अक्का? जे. पी. नगरला?

मी दिवसभर तुझ्या बाजूनं विचार केला. मुलीचं लग्न, मामाशिवाय कसं होईल? अंतरपाटाशी मामा लागतो. तू पवनला बोलावलंस तर मी समजून घेतलं असतं. मला राग आला असता, दोन दिवस जेवले नसते, मग आले असते. तू फोन करून म्हणायचंस, वासू, मला मराठी पत्रिका हवी आहे, फ्लॉपी पवनला देते. मी दिली असती गं. विद्याच्या लग्नाला मी नाही म्हटलं असतं? पण पवननं डबी पाठ फिरल्यावर नेली. तू डोक्याला तेल लावता लावता फ्लॉपी नेलीस. त्याच्याकडून मी फसले त्याचं मला दुःख झालं. तुझ्याकडून फसले त्याची मला लाज वाटते.

आणखी एक लिहायचं राहिलं. ते लिहायचं नव्हतं.

त्या चौकटीत माझ्या नावाच्या वर आप्पाजींचं नाव आहे. 'श्री. कृष्णाजीराव'. श्री! अगं, लग्नानंतर महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध आहे. पवनच्या लग्नात ते होते, तेव्हा मी ती चौकट केली होती. तुझ्या भावानं ती उचलून जशीच्या तशी खाली बसवली, मथळा 'आजोळची मंडळी' केला, शेवटी 'पवनकुमार व सौ.' एवढी एक ओळ स्वतःची घातली, आणि वर काय आहे ते पाहिलंसुद्धा नाही. त्याला मराठी वाचायचा कंटाळा, तुझा चष्मा सापडत नाही, भावजी इंग्रजी बाजू वाचतात. शुभंकरची पुण्याची आजी मात्र अक्षर न् अक्षर वाचेल, आणि मांडवात विचारेल, मुलीचे आजोबा कुठं आहेत, पाया पडायचं राहिलं.

तेव्हा मला कळलं की माझं नाव कसं राहिलं. आप्पाजींचं राहिलं तसंच.

तरी एक आशा होती म्हणून पत्रिका उलटी केली. इंग्रजी बाजू नव्यानं टाईप केलेली आहे, विचार करून. तिथं आप्पाजींच्या नावाआधी 'लेट' आहे. पवन आहे, त्याची बायको आहे, तुझे दीर, नणंदा, त्यांची शेंबडी पोरंसुद्धा आहेत. मी नाही. विसरलीस म्हणावं तर नणंदेच्या धाकट्याचं लाडाचं नावही लक्षात आहे तुझ्या. पवनला राग येईल म्हणून गाळलंस, की मला पाहून तुलाच ओशाळं वाटेल म्हणून, ते तुला ठाऊक. मला उत्तर नको.

पण पुण्याच्या लोकांपुढं आप्पाजींचं हसं होऊ द्यायचं नाही. काल रात्री मी टाक आणि काळी शाई घेऊन बसले आणि पत्रिकेची मराठी बाजू हातानं लिहून काढली. आप्पाजींनी गिरवून घेतलेलं अक्षर अजून बरं वळतं. पॅकेज नको, डबी नको. शिवाप्पांनी त्याचीच प्लेट केली आणि तुझी इंग्रजी बाजू मागं तशीच घेऊन आज सकाळी छापून दिल्या. म्हणाले, "वासक्का, हे कॉम्प्युटरपेक्षा स्वल्प जास्तच छान दिसतंय." उद्या भीमाचार्य म्हैसूरला निघालेत, त्यांच्याबरोबर गठ्ठा पाठवते. भावजी पुण्याला जातील तेव्हा या पत्रिका नेऊ दे. आधी छापलेल्या सगळ्या बंबात जाळ.

पोपट दोन्ही सरळ चोचीचे काढलेत. आप्पाजींच्या नावाआधी 'कै.' घातलं आहे. पवनची ओळ ठेवली आहे, मुलीला मामा लागतो. आप्पाजींच्या नावाखालची एक ओळ काढली आहे.

लग्नाला माझी वाट पाहू नका. विद्याला आणि जावयांना आशीर्वाद देते, त्याला पत्रिकेवर नाव लागत नाही.

छापायला देण्याआधी मी एकेक नाव बोट ठेवून ताडून पाहिलं, अक्का. आता दोन्ही बाजू जुळतात.

वासंती