हँडब्रेकवरचा हात

शनिवार, ९ डिसेंबर १९९५

उद्याचं सगळं ठरलंय, फक्त पुढच्या सीटवर कोण बसणार हे सोडून. हेसरघट्ट्याच्या तळ्याच्या काठाकाठाने गाडी न्यायची, सावली दिसेल तिथे थांबून आमच्या कुत्र्याला, बंड्याला, मोकळं सोडायचं आणि दशम्या खायच्या. "कुत्रा मागे बसेल, मी पुढे," असं अविनाशने संध्याकाळी जाहीर केलं. मी म्हटलं, गाडी मी चालवणार, तेव्हा नवऱ्याने मागे बसायचं. तेव्हापासून रुसलाय.

मला लायसन्स मिळून दोन महिने झाले, पण हा शेजारी असला की याचा हात सतत हँडब्रेकवर. समोरून लॉरी आली की "अगं, अगं!" ओरडतो आणि मग माझं खरंच चुकतं. बंड्या शेजारी होता तेव्हा चामराजपेटच्या गर्दीतून मी एकदाही बंद न पाडता गाडी काढली होती. मग, जरा जास्त बोलले का मी? छे.

घरमालकीण अक्कांनी जिन्यातून ऐकलंच. आपल्या कानडी-मराठीत म्हणाल्या, "सरी, बरोबर आहे तुझं, पण स्वल्प समजून घे की त्याला. भितोय तो." भिऊ दे. मला तळं शांतपणे बघायचंय.

आत्ताच गॅलरीतून पाहिलं. अविनाश खाली गाडीत मागच्या सीटवर बसून, हात लांब करून, हँडब्रेकपर्यंत पोचतोय का ते बघत होता. पोचतो. पण धावत्या गाडीत बंड्या नेमका त्याच हँडब्रेकवर मान टाकून झोपतो, आणि झोपमोड करणाऱ्याला तो एकदाच गुरगुरून सांगतो.