एका सैनिकाची आई

सोमवार, ता. ३

आज एकसष्ट पत्रं. एकोणसाठ युद्धाच्या विरुद्ध. बाजूनं दोन – त्यातलं एक खरं तर तुंबलेल्या गटाराबद्दल, शेवटी नुसतं "आपले जवान झिंदाबाद"! आणि साहेबांचं आपलं एकच पालुपद – "तोल हवा. तीन बाजूनं, तीन विरुद्ध." अहो, लोकच एका बाजूला झुकलेत, त्यांना काय मी उचलून इकडे बसवू?

पेपरातल्या वाचकांच्या पत्रांचं हे टेबल गेल्या महिन्यात माझ्या गळ्यात पडलं. घरी बोलले नाही. आईला अजून वाटतं मी मुद्रितं तपासते. वाटू दे.

मंगळवार, ता. ४

फॉर्म आणला! एकुलता एक मुलगा आघाडीवर असेल तर त्याला परत बोलवता येतं. अर्ज आईनंच करायचा, सही तिचीच, एकवीस तारखेपर्यंत पोचायला हवा. मी सगळं भरून दिलं. फक्त सही.

आई म्हणाली, "बघते." आणि खणात ठेवून दिला.

बघते काय? धाकट्या भावाचा परवा फोन आला तेव्हा आवाज कसा येत होता, तिनं ऐकलं नाही? तो स्वतः मागणार नाही. "आई ठरवेल ते," एवढंच. बरोबरची पोरं भित्रा म्हणतील ना! बाबा असते तर त्यांनी हात धरून सही करून घेतली असती.

गुरुवार, ता. ६

चौकात आयांचा मोर्चा. घोषणा नाहीत, काही नाही. प्रत्येकीनं साडीवर, ड्रेसवर आपल्या मुलाचा शर्ट घातलेला. ढगळ बाह्या दुमडलेल्या. आमच्या खालच्या मजल्यावरची शिंपीण लेकाचा चौकड्यांचा शर्ट घालून उभी होती. मला बघून म्हणाली, "आईला घेऊन ये गं. नुसतं उभं राहायचं असतं."

आमच्या फोटोग्राफरनं मोजल्या – चारशे बारा. छापून काय येणार? "काही महिलांची निदर्शनं." आणि फोटो कापून कापून सात बायका! मी भांडले. "जागा नव्हती," म्हणे. शेजारीच गाद्यांची केवढी मोठी जाहिरात.

शुक्रवार, ता. ७

फॉर्म खणातच. वर विणकामाच्या सुया ठेवल्यात.

सोमवार, ता. १०

आज बाजूनं एकही पत्र नाही. साहेब खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसले. "तू लिही एक. तुझी भाषा चांगली आहे."

मी नाही म्हणाले. मग त्यांनी सुरू केलं – वरून फोन येतात, पेपर बंद पडला तर तुझी ती तीन विरोधी पत्रं तरी कुठे छापशील? दहा मिनिटं डोकं खाल्लं. शेवटी बसले लिहायला.

वीस मिनिटांत झालं. खाली सही – "एका सैनिकाची आई." खुंटीवरचा त्याचा न धुतलेला शर्ट, रोज एक पोळी जास्तीची लाटली जाते ती, "मी रडले तर त्याला तिथं ठेच लागेल" हे वाक्य – सगळं आमच्या घरातलं उचललं. शेवटी ठोकून दिलं – "मी त्याला परत बोलावणार नाही. इतरांच्या मुलांना तिथे ठेवून माझाच कसा आणू?"

आणि लाज वाटते सांगायला – वाचून पाहिलं तेव्हा मला ते आवडलं.

बुधवार, ता. १२

चौकटीत छापलं, सगळ्यात वर. बस स्टॉपवर दोघे वाचत होते. "ही खरी आई! नाहीतर त्या चौकातल्या." मी बस सोडून चालत आले.

घरी पाहते तर आई ते कात्रीनं कापतेय. मला मोठ्यानं वाचून दाखवलं! शर्टाचं वाक्य दोनदा वाचलं.

"असली पत्रं कुणीही लिहितं गं," मी म्हणाले.

"आईशिवाय कोण लिहील असं? अगदी माझ्या मनातलं. हिचा पत्ता मिळेल का तुझ्या ऑफिसात?"

"पत्ते बाहेर देत नाहीत."

सांगायचं होतं! तोंडावर आलं होतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी, हातात ते कात्रण – आणि मी गेले भाजी चिरायला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

गुरुवार, ता. १३

चौकात निम्म्याही नव्हत्या. कुणी तरी शिंपिणीच्या तोंडासमोर माझं पत्र नाचवलं – "हिच्याकडून शिका जरा!" काल संध्याकाळी टीव्हीवरही वाचलं, मागे पिपाणीचं रडकं संगीत लावून. चारशे बायका एवढ्याशा फोटोत बसवल्या, आणि जी बाई नाहीच, तिला अख्खा देश ओळखतो!

शुक्रवार, ता. १४

साहेब – "त्या आईचं दुसरं येऊ दे." मी सरळ नाही म्हणाले. बघू काय करतात.

घरी आईवर ओरडले. सही कर, सही कर, सही कर! ती शांत. "त्या पत्रातल्या बाईला मुलगा नको झालाय का?" मी ताट सरकवून उठले. तेव्हा तरी सांगायचं! पण कशी सांगणार – तुझीच वाक्यं चोरून तुझ्याच लेकाला तिथं डांबतेय म्हणून?

सोमवार, ता. १७

ठरवलं. उद्या सांगणार. नोकरी गेली तर गेली.

मंगळवार, ता. १८

सांगावंच लागलं नाही!! आईनं सकाळीच पाकीट आणि तिकीट मागितलं. खण पाहिला – फॉर्म नाही! पाकीट पदराखाली धरून स्वतः पेटीत टाकून आली. "कुणाला पाठवलंस" विचारायचं धाडससुद्धा केलं नाही, न जाणो परत काढून आणायची. नुसती मिठी मारली. "अगं सोड, दूध उतू जाईल," म्हणाली.

बुधवार, ता. १९

सुटले बाई! झोप म्हणजे काय झोप लागली.

शनिवार, ता. २२

दोन दिवसांचं टपाल साचलं होतं. तिसरं पाकीट "एका सैनिकाची आई" हिच्या नावानं – आईचं अक्षर.

"ताई, मी फॉर्म आणला होता. तुमचं पत्र वाचून माझी मलाच लाज वाटली. फाडून टाकला. मुलीला सांगितलं नाही, ती रागावेल. तुमच्या मुलाचं नाव कळवा. माझ्या मुलाला सांगते, त्याला जाऊन भेट. दोघांना तेवढीच सोबत."

मुदत काल संपली.