गिरिजाच्या वाफ्यांवरचं पाचट

२ मे २००२, सकाळी ७
ऊन भयंकर. ही दानूकडे, म्हणजे मुलीकडे, बेळगावला गेली त्याला अकरा दिवस झाले. हवापालट म्हणून. जाताना एकच बोलली, "वाफ्यांना पाणी घाला." म्हणजे येणार हे उघड आहे. न येणारं माणूस पाण्याचं कशाला सांगेल?
संकल्प: सात जूनच्या, म्हणजे मृगाच्या, आत तिन्ही वाफे (वांगी, मिरची, मोगरा) आत्तापेक्षा हिरवे. तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. एस्टॅब्लिशमेंटच्या टेबलावर का असेना, पाण्याचं मला कुणी शिकवू नये.

४ मे
ओल टिकावी म्हणून ही दर उन्हाळ्यात वाफ्यांवर उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, पसरते. दोन पोती पुरतात म्हणे. मी शिरोळहून ट्रॉलीच मागवली. वीतभर थर दिला, रोपांच्या गळ्यापर्यंत. शेजारच्या बायडाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "सायेब, खोडापास्नं चार बोटं लांब सारा. गिरिजाताई तसंच करत्यात." ऐकून घेतलं.
पाणी सकाळ-संध्याकाळ अर्धा तास. टाइमटेबल टाइप करून दाराला लावलं.

८ मे
फोन केला. दानू म्हणाली, अव्वा (आईला ती अव्वाच म्हणते) झोपलीय. सकाळी अकराला. उन्हानं ग्लानी येत असेल. वाफ्यांचा रिपोर्ट दिला. दानू "बरं" म्हणाली.

१३ मे
वांग्यांनी माना टाकल्या. उन्हाचा ताण. पाणी पाऊण तास केलं.
पुन्हा फोन. अव्वा देवळात. म्हटलं, तिला सांग, मिरची फुलावर आली. (अजून नाही. येईल.) दानू म्हणाली, "अप्पा, तिला मिरचीचं काय सांगू? ती मावशीसाठी रडते अजून."
हिची थोरली बहीण, गोकाकची आक्का, फेब्रुवारीत वारली. तीन महिने झाले. माणसानं किती धरून बसावं?

१४ मे
रेकॉर्डसाठी लिहून ठेवतो. आक्काचं आता शेवटचं आहे असा गोकाकहून फोन आला, तो मी घेतला. त्या रविवारी माझा निवृत्तीचा सत्कार. घरात धावपळ. हिला सांगायचं राहून गेलं. विसरणं हा गुन्हा नाही.

१७ मे
बायडाबाई न विचारता आत आल्या. माझा हात धरून सरळ पाचटाखाली घातला. गरम, बुळबुळीत. "बुडात चिखल झालाय. कुजलं की सगळं. वास घ्या." घेतला. म्हटलं, खत होतंय. त्या पदराला हात पुसून निघून गेल्या.
मोगऱ्यापर्यंत पाइप पोचत नाही. तिथलं पाचट उचललं तर खाली वाळवी.

२० मे
वाळवीवर उपाय सापडला. रेशनचं रॉकेल झारीत पाण्याबरोबर घालून मोगऱ्याच्या बुडाशी ओतलं. बायडाबाईंना मुद्दाम विचारलं नाही.

२३ मे
मोगरा काळा पडला. वाळवी मात्र एकही नाही. म्हणजे इलाज बरोबर होता.

२६ मे, संध्याकाळी
आज फोन हिनंच उचलला. आवाज ऐकून बरं वाटलं. म्हटलं, मोगरा एवढा फुललाय की घरभर वास. ती म्हणाली, "आक्काचा फोन कधी आला होता?"
मी म्हटलं, रविवारी, गडबडीत.
"तिचा मुलगा सांगत होता, शनिवारी सकाळी तुमच्याशी बोलला. आक्का माझं नाव घेतेय, हेही सांगितलं होतं त्यानं."
मी म्हटलं, लाइन खराब होती, नीट ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवला. आदळला नाही. हळूच ठेवला.

२७ मे
लाइन खराब नव्हती. शनिवार, सकाळी साडेनऊ. शंभर माणसं जेवायला यायची होती आणि वडे हिच्याशिवाय कुणाला जमत नाहीत. ठरवलं, सत्कार होऊ दे, मग सांगू. आक्का रविवारी दुपारी गेली. तेव्हा ही वडे तळत होती. सोमवारी सांगितलं.
माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.
नवा संकल्प: नर्सरीतून वांगी, मिरची, फुलावरचा मोगरा आणून जुन्या जागी लावणे. वर नवीन पाचट. तिला कळणारही नाही.

३१ मे
नवी रोपं लावून तीन दिवस झाले. सतरापैकी अकरा कोलमडली. मोगऱ्याच्या जमिनीला रॉकेलचा वास आहे, बाकी दोन वाफ्यांत चिखल. सहा टिकतील. रिक्षा आली की गेटातून सहाच दिसतील अशी लावतो.

५ जून
दुपारी दानू आली. तिच्यामागून कुणी उतरतंय का म्हणून रिक्षाकडे बघत राहिलो. रिक्षा निघून गेली.
दानूनं अव्वाच्या साड्या बांधल्या, चष्म्याचं घर घेतलं. वाफ्यांकडे गेली, तिथं थोडा वेळ उभी राहिली. आत येऊन विचारलं, "अप्पा, जेवता ना नीट?" हो म्हटलं.
मग पिशवीतून कागद काढला. रेशनकार्डावरून हिचं नाव कमी करण्याचा अर्ज. 'कारण'च्या रकान्यात कायमचे स्थलांतर, हिच्याच अक्षरात. खाली हिची सही. कार्डप्रमुख म्हणून माझी सही तेवढी बाकी होती.
चष्मा लावून दोनदा वाचला. तारीख, कार्ड नंबर, वय, पत्ता. त्रुटी काढून परत पाठवावा असं काही सापडलं नाही.
सही केली. दानू चारच्या बसनं गेली.